भोंग्याला जबाब

आमच्या केनवडात तिला सगळे भोंगा म्हणत. शाळेच्या हजेरीत तिचं चांगलं गोड नाव मीच माझ्या हातानं लिहिलं होतं, पण हाक मारताना माझ्याही तोंडून भोंगाच निघायचं. वय दहा, अंगानं काडी, आणि आवाज असा की तिनं आमच्या वर्गात धडा वाचला की शेजारच्या वर्गातली मुलं पान उलटायची.

हा आवाज मचाणावर तयार झाला. सगळ्या शिवारात सोयाबीन झालं तरी तिच्या बाबांनी ज्वारी सोडली नव्हती, त्यामुळे झाडून सगळी पाखरं त्यांच्याकडेच जेवायला. सुट्टीच्या दिवशी भोंगा मचाणावर उभी राहून ‘हुर्रऽ हाऽऽ’ अशी हाक सोडायची. बांधापलीकडे आमचं वांग्याचं वावर. पाखरं तिकडून उठून माझ्या डोक्यावरून गेली की मी तसाच जबाब द्यायचा असा नियम, मगच तिची पुढची हाक. एकदा मी फोनवर बोलत राहिले, तर बाईसाहेब तरातरा बांधावर आल्या. शाळेत मी मॅडम, वावरात काकू.

“काकू, जबाब काहून नाई देल्ला? पाखरं गेले का नाई, मले कसं समजन?”

मी चक्क माफी मागितली.

मग टीव्हीवरची गाण्याची स्पर्धा ती जिंकली. गावात इतका गुलाल उडाला की माझी पांढरी गाय आठवडाभर गुलाबी फिरत होती. बक्षीस म्हणून मुंबईत तिचा पहिला अल्बम निघणार होता. सहा गाणी, त्यातलं शेवटचं तिच्या मचाणावरच्या हाकेवरून बांधलेलं. निघताना ती म्हणाली, “पाच त्यायचे हायेत काकू. हे आपलं हाय.”

तिकडे स्टुडिओत पाच झाली आणि नेमकं आपलंच अडलं. हाक दिली की भोंगा थांबायची. संगीतकार म्हणायचे, थांबू नकोस. ती म्हणायची, जबाब नाही आला. दुपारपर्यंत हेच चाललं. शेवटी ते वैतागले आणि हे गाणं वगळायचं ठरलं. भोंग्यानं बाबांचा फोन घेऊन मला लावला.

मी रिसोडच्या एस.टी.त उभी, हातात वांग्यांची पिशवी.

“काकू, मी हाक देतो, तुमी जबाब देजा. नाई तं आपलं गानं काढून टाकतेत.”

तिचा आवाज इतका बारीक मी कधी ऐकला नव्हता. तिकडून हाक आली, आणि मी शाळेतली सगळी अब्रू गुंडाळून ठेवून भर गाडीत ‘हुर्रऽ हाऽऽ’ केलं. ड्रायव्हरनं करकचून ब्रेक मारला, वांगी सीटखाली पांगली.

“बाई, कोन चेंगरलं?” कंडक्टर धावत आला.

मी हातानंच त्याला गप्प केलं, कारण दुसरी हाक येत होती. प्रकार कळल्यावर तिसऱ्या हाकेला त्यानंही जबाब दिला, चौथ्या हाकेला अख्ख्या गाडीनं. संगीतकारांनी फोनवरून आलेला तो सगळा गोंधळ हॉर्नसकट गाण्यात ठेवला.

आता भोंगा मुंबईतच शिकते. तिच्याशिवाय ते मचाण मला बघवत नाही, खरं सांगते. तिच्या बाबांनी यंदा तिथं स्पीकर बांधून तिचा अल्बम लावलाय. पहिली पाच गाणी पाखरं निवांत ऐकतात आणि दाणे टिपतात. सहाव्यातली हाक घुमली की भर्रकन उठून माझ्या डोक्यावरून जातात. माझा जबाब त्या गाण्यात आहेच. तरी मी खुरपं टाकून उभी राहते आणि वावरातून पुन्हा देते.

मग ती पुढची हाक देते.