पाळण्याचे लाकूड

आज सकाळी वैद्यबुवांनी प्रमेहावर दिलेल्या लाकडी पेल्यातले पाणी निळसर दिसले आणि चाळीस वर्षांपूर्वीचा वैताग जसाच्या तसा आठवला.

थोरलीच्या बारशाला तीन दिवस उरले होते. जुनी पेटी मोडून पाळणा करायचा होता, पण बुधवार पेठेतला सुतार करवत लावीना. "चिंचेचं निघालं तर? भुताच्या झाडात लेकरू निजवू?"

शेजारचे हेच वैद्यबुवा, तेव्हा तरुण, वास घेऊन म्हणाले, "खैर."

"खैर एवढा हलका नसतो," सुतार म्हणाला.

वाद दोन दिवस चालला. मी श्रीमंतांच्या दरबारी बातमीपत्रे लिहिणारा. दोघांची मते टिपत बसलो.

शेवटी आतून बाळंतीण कडाडली, "अहो, पोर चालायला लागेल! माझे आजोबा बिवळ्याच्या झाडाच्या लाकडी पेल्यानं पाणी पीत, ते निळं होई. ढलपी पाण्यात टाकून पाहा!"

पाणी निळे झाले; पेटी ना चिंचेची, ना खैराची, बिवळ्याची निघाली. सुताराने करवत लावली. बारसे मात्र उसन्या पाळण्यात झाले.

तेव्हा राग त्या दोघांचा आला होता, आज माझाच येतो. लाकूड समोर असताना मी माणसांना विचारत होतो.

पेला पाहून ही एवढेच म्हणाली, "वैद्यबुवांना विचारून घ्या हो, खैर तर नाही ना?"