रोजनाम्यात न आलेलं नाव

इनामदार मॅडम गेल्याचं मला शाहूपुरीत, चष्म्याच्या दुकानात कळलं. त्यांच्या मुलीचा, मेधाचा फोन आला. "काका, आई गेली हो सकाळी." दुकानदार समोरची अक्षरं वाचायला सांगत होता आणि मला एकही दिसेना... त्याला आता पाच आठवडे झाले.

कुंदा इनामदार न्यायाधीश होत्या आणि तालुक्याच्या कोर्टात मी त्यांचा लिपिक होतो. साक्षीदार कितीही अडखळला तरी त्या घाई करायच्या नाहीत. जबाब लिहून झाला की तो वाचून दाखवायच्या आणि विचारायच्या, "असंच म्हणायचं होतं ना तुम्हाला?" वकील घड्याळं बघत बसायचे. कोर्टात संगणक आले तेव्हा आम्ही कर्मचारी कुरकुरलो. मॅडम मात्र पन्नाशीत मराठी टायपिंग शिकल्या. जुन्या फायली वाळवीनं खाल्लेल्या होत्या. एका विधवेला नुसत्या नकलेसाठी वर्षभर हेलपाटे घालताना त्यांनी पाहिलं होतं. "हे सगळं मशीनवर गेलं की ही बाई एका फेरीत घरी जाईल," असं त्या म्हणायच्या.

मग दत्तूचं प्रकरण आलं. कोडोलीकडचा हा ट्रॅक्टर ड्रायव्हर मारामारीच्या गुन्ह्यात आत होता आणि घरी त्याची आई शेवटच्या घटका मोजत होती. मॅडमनी शुक्रवारी दुपारी जामीन दिला. जामीनदार हजरच होता, त्यामुळे संध्याकाळी सुटकेचा आदेशही निघाला. पूर्वी असा आदेश शिपाई हातोहात तुरुंगात न्यायचा, आता ईमेल करायचा होता. तो मी केला. नेट रडतखडत चाललं होतं. मी बटण दाबलं, संगणक बंद केला आणि एसटी गाठली.

मेल गेलाच नव्हता. शनिवार-रविवार सुट्टी. सोमवारी दत्तूचा वकील आला. म्हणाला, "तुरुंगात आदेश पोचलेला नाही." मी स्क्रीनकडे न बघताच सांगितलं, "आमच्याकडनं गेलाय की." मंगळवारी तो पुन्हा आला तेव्हा मॅडम स्वतः माझ्या खुर्चीत बसल्या आणि त्यांनी शोधलं. आदेश आउटबॉक्समध्ये तसाच पडून होता. त्यांनी लगेच शिपायाला गाडीनं पिटाळलं. पण दत्तूची आई सोमवारीच गेली होती. अग्नी तिच्या पुतण्यानं दिला होता.

पुढच्या तारखेला दत्तू कोर्टात उभा राहिला. डोक्यावर नुकतेच केस उगवत होते. भरल्या कोर्टात मॅडम म्हणाल्या, "आदेश वेळेवर पोचला नाही, ही न्यायालयाची चूक आहे. मी तुमची माफी मागते." असं मी तोवर कुठल्या कोर्टात ऐकलं नव्हतं. दत्तूनं हात जोडले नाहीत. म्हणाला, "आई तीन दिस दाराकडं बघत हुती म्हणं, मॅडम. तुमची मापी घिऊन मी काय करू?"

मॅडम माझ्याकडे वळून म्हणाल्या, "हेही रोजनाम्यात लिहा." त्या दिवसाच्या कामकाजाच्या नोंदीत मी दत्तूचं बोलणं जसंच्या तसं लिहिलं.

चौकशी लागली. वरिष्ठांना दिलेल्या खुलाशात त्यांनी म्हटलं की आदेश पोचल्याची खात्री करणं त्यांचंच काम होतं. माझं नाव कुठंही नव्हतं. तो खुलासा मीच टाइप केला आणि तोंड मिटून बसलो. नोकरी जायची भीती होती. त्यांची बढती अडकली ती निवृत्तीपर्यंत. बाईंच्या कॉम्प्युटरच्या हौसेपायी माणूस आत अडकला, असं वकिलांच्या खोलीत बोललं जायचं. मी चहा पीत ऐकायचो. त्या मला एकदाच म्हणाल्या, "माने, मशीन वाईट नव्हतं. तुरुंगात फोन करून विचारायला आपल्याला काय झालं होतं?"

गेल्या आठवड्यात त्यांच्या घरी गेलो आणि मेधाला सगळं सांगून टाकलं.

"आई असताना का नाही बोललात?" तिचा आवाज चढला होता. मग ती म्हणाली, "मला सांगून काय उपयोग, काका? ज्यांनी आईला नावं ठेवली, त्यांना सांगा." आणि तिनं मॅडमच्या खोलीचं दार उघडून दिलं.

खिडकीशी त्यांचं टेबल आणि खुर्ची आहे. शेवटच्या वर्षी हात चालत नव्हता, तरी त्या रोज सकाळी दहाला इथं येऊन बसायच्या म्हणे. आता त्या खुर्चीत कुणी बसत नाही. मी स्वयंपाकघरातलं स्टूल ओढून घेतलं आणि हे लिहायला बसलो. तो आदेश पाठवायचं काम माझं होतं. माझं नाव रघुनाथ माने.