नववा ठोका

जर्मनीतल्या फुटबॉलवेड्या कायझर्सलाउटर्नमध्ये राहून फुटबॉलकडे पाठ फिरवणारा माणूस सापडणं कठीण, आणि तो कामठीचा असणं त्याहून कठीण. यशपाल मेश्राम असा होता. एका संशोधन संस्थेत तो तंत्रज्ञ होता. धातूच्या पट्ट्या यंत्रात ताणायच्या आणि कुठली किती जोरावर तुटते ते लिहून ठेवायचं, हे त्याचं काम. स्वभावानं अबोल, जेवायला वेळेवर, आणि कुणाच्या अध्यात ना मध्यात, असं त्याच्याबद्दल सगळे म्हणत. सगळ्यांना तो पुरता ठाऊक नव्हता. आत एक हिशेबी, हट्टी आणि चांगलाच जळकुटा माणूस बसलेला होता, तो फक्त त्याच्या बायकोला, नंदाला, माहीत होता.

त्याला आइस हॉकीचा नाद लागला तो पंच्याण्णवच्या हिवाळ्यात. बसनं वीस मिनिटांवर आल्टेनब्रुख नावाचं लहानसं गाव होतं. तिथल्या काचकारखान्यातल्या कामगारांनी १९३६ साली गोठलेल्या तळ्यावर खेळायला सुरुवात केली, त्यातून ‘फाल्कन’ म्हणजे ससाणे नावाचा संघ उभा राहिला. पुढे तळ्याच्या जागी गावानं मैदान बांधलं, त्यावर पत्रे चढले, आणि एवढंसं गाव देशातल्या सगळ्यांत वरच्या लीगमध्ये जाऊन बसलं. पत्रे गळत. उभं राहून बघायच्या ब्लॉकमध्ये बिअरनं बूट चिकटत. प्रयोगशाळेतला एक सहकारी यशपालला तिथे पहिल्यांदा घेऊन गेला, तेव्हा खेळ त्याला काही कळला नाही. पण ब्लॉकमधला एक जाडजूड माणूस ढोल बडवत होता, नुसता बडवत होता, धड धड धड, ना लय ना वळण. ते यशपालला ऐकवेना.

पुढच्या उन्हाळ्यात तो कामठीला गेला आणि येताना ताशा घेऊन आला.

लहानपणापासून दर चौदा एप्रिलला जयंतीच्या मिरवणुकीत तो दिनकरमामाच्या पथकात वाजवायचा. मामाची एक खास फेरी होती, नऊ ठोक्यांची. आठ ठोके सरळ, मग क्षणभर हात अडवायचा, आणि नववा ठोका ताशाच्या कडेवर, हलकाच. तो ठोका पडला की मिरवणूक घोषणा द्यायची. दिनकरमामा आठ ठोके कुणालाही शिकवायचा. नववा मात्र त्यालाच मिळायचा, ज्यानं तीन जयंत्या मामाचा ताशा स्वतःच्या खांद्यावर वाहिला असेल. तोवर विचारलं तरी मामा म्हणायचा, एवढंच आहे. यशपालनं तीन वर्षं ताशा वाहिला, आणि चौथ्या वर्षी मामानं त्याचा हात धरून तो ठोका दिला.

तीच फेरी आल्टेनब्रुखच्या ब्लॉकमध्ये घुमायला लागली. आठ ठोके, थांबा, नववा कडेवर, आणि चार हजार जर्मन एका दमात ‘फाल-कन’ म्हणून ओरडायचे. थंडीत ताशाचं कातडं ढिलं पडायचं, म्हणून प्रत्येक डावाआधी यशपाल तो भाजलेले सॉसेज विकणाऱ्याच्या शेगडीवर धरून तापवायचा. सॉसेजवाला त्याची जागा राखून ठेवायचा. सहा वर्षं हे चाललं. प्रयोगशाळेत ज्याला लोक आडनावानं हाक मारतानाही अडखळत, त्याला त्या पत्र्यांखाली नुसतं ‘यश’ म्हणत आणि वाट करून देत. त्याच्या आयुष्यात दुसरीकडे कुठे असं झालेलं नव्हतं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

दोन हजार साली दत्ता आला. पुण्याचा, सॉफ्टवेअरमधला, वय सव्वीस, एकटा. नंदाच्या हातचं पिठलं खाऊन तो त्यांच्या घरी रुळला आणि यशपालच्या मागोमाग ब्लॉकमध्येही. ‘यशपालदादा, यशपालदादा’ करत तो ताशाची पिशवी उचलायचा. पोरगा गुणी होता. तेच तर पुढे डोळ्यांत खुपलं.

दोन हजार दोनच्या वसंतात संघाच्या मालकानं जाहीर केलं की आल्टेनब्रुखमध्ये आता भागत नाही, संघाचं लायसन्स, म्हणजे संघच, हॅनोव्हरला जाणार. तिथे दहा हजार लोकांचं नवं सभागृह तयार होतं. गावानं सह्या गोळा केल्या, नगरपालिकेसमोर मेणबत्त्या लावल्या. यशपाल प्रत्येक वेळी पुढच्या रांगेत होता. काही उपयोग झाला नाही. जूनमध्ये संघानं गाशा गुंडाळला. खेळाडू गेले, प्रशिक्षक गेला, बर्फ गुळगुळीत करायचं यंत्रसुद्धा ट्रकवर चढलं. नाव फाल्कनच राहिलं, जर्सीचा हिरवा रंग निळा झाला. आणि नव्या जर्सीवर छापलं, ‘१९३६ पासून’. काचकारखान्यातल्या कामगारांचं वर्षही त्यांनी उचलून नेलं.

त्याच महिन्यात दत्ता पेढे घेऊन आला. त्याला हॅनोव्हरला नोकरी लागली होती.

“दादा, काय योगायोग बघा,” तो म्हणाला. “मी आणि टीम एकाच वेळी शिफ्ट.”

यशपालनं पेढा घेतला. तो त्याला कडू लागला. आपण सहा वर्षं घसा आणि हात झिजवले, आणि संघ कुणाच्या दारात जाऊन उभा राहिला, तर दोन वर्षांपूर्वी ज्याला ऑफसाइड कळत नव्हतं त्या पोराच्या. त्याला काय करावं लागलं, तर एक अर्ज. यशपालनं पाणी मागितलं.

“मला ती फेरी नीट शिकवा ना,” दत्ता म्हणाला. “तिकडे कुणी नसणार वाजवणारं. तुमची म्हणूनच वाजवीन.”

यशपालनं तीन शनिवार त्याला शिकवलं. मन लावून शिकवलं, हे खरं. आठ ठोके दत्ताच्या हातात असे बसले की यशपालला मनातल्या मनात कौतुक वाटलं आणि कौतुक वाटल्याचाही राग आला. तिसऱ्या शनिवारी दत्तानं काड्या खाली ठेवल्या आणि विचारलं, “दादा, शेवटी आणखी काही आहे का? ब्लॉकमध्ये मला कधीकधी काहीतरी ऐकू यायचं. पण तेवढ्यात सगळे ओरडायचे.”

“नाही,” यशपाल म्हणाला. “एवढंच आहे.”

मामाचीच रीत आहे, असं त्यानं स्वतःला बजावलं. ती रीत होती, पण त्या दिवशी मामा त्याच्या मनातही नव्हता. हॅनोव्हरला सगळं जाईल, एक ठोका माझ्याकडे राहील, एवढंच त्याच्या मनात होतं.

त्यानंतरची चार वर्षं यशपालनं हॉकीचं नाव काढलं नाही. नंदासमोर तरी नाही. ती स्वयंपाकघरात गेली की तो टीव्हीवर व्हिडिओटेक्स्टचं पान लावायचा आणि फाल्कनचा निकाल बघायचा. ते हरले की दोन पोळ्या जास्त जायच्या. जिंकले की भाजीत मीठ कमी असायचं. दत्ता दर महिन्याला फोन करायचा, फेरी कशी जमते, किती लोक साथ देतात ते सांगायचा, आणि यशपाल “हो का, वा” म्हणत भिंतीकडे बघायचा.

मग दोन हजार सहाच्या मार्चमध्ये फाल्कन चक्क अंतिम फेरीत पोहोचले, आणि टीव्हीवर ब्लॉक दिसला. निळ्या जर्सीत दत्ता, गळ्यात दुकानातून आणलेला चकचकीत ड्रम, मागे निळ्या जर्सींचा समुद्र. समालोचक म्हणत होता की हा हॅनोव्हरचा ताल आता अख्ख्या लीगमध्ये प्रसिद्ध आहे. यशपालच्या अंगाचा तिळपापड झाला. हॅनोव्हरचा ताल म्हणे. मग त्यानं नीट कान दिला आणि त्याला आनंदाच्या उकळ्या फुटल्या.

“नंदा, ऐक. ऐक ना. लंगडं आहे ते. आठच ठोके. अपुरं वाजवतायत आणि कुणाला पत्ताच नाही.”

नंदा दारात हात पुसत उभी राहिली. “अहो, पण त्याला शिकवलं कुणी?” तिनं विचारलं.

यशपालनं टीव्हीचा आवाज वाढवला. तिनं पुढे काही विचारलं नाही. ती त्याला वीस वर्षं ओळखत होती.

दुसऱ्याच दिवशी दत्ताचा फोन आला. अंतिम सामन्याची दोन तिकिटं त्यानं राखून ठेवली होती. “तुम्ही याच दादा. आणि ताशा आणा. गेनेमिगुंग मी काढून ठेवलीय, आत सोडतील.” परवानगीच्या कागदावर त्यानं यशपालचं नाव, ताशाची लांबी-रुंदी, सगळं भरलं होतं. नकार द्यायला जागाच ठेवली नव्हती.

पण यशपालला नकार द्यायचाच नव्हता. त्या रात्रीपासून तो मनात मांडे खात होता. दहा हजार माणसं. आठ ठोके ते ऐकतील, त्यांना वाटेल झालं, आणि मग कडेवर नववा पडेल. सगळे वळून बघतील. चार वर्षं आपण अर्धवट वाजवत होतो, हे त्यांना एका क्षणात कळेल, आणि हे मुळात कुणाचं, तेही. दत्ताचा चेहरा कसा होईल, याची त्यानं तऱ्हेतऱ्हेनं कल्पना केली आणि प्रत्येक वेळी त्याला बरं वाटलं.

सामन्याच्या दिवशी नंदा आली नाही. “तुम्ही कशाला चाललायत ते मला दिसतंय,” एवढंच म्हणाली. मानहाइमला गाडी बदलून यशपाल दुपारी हॅनोव्हरला पोहोचला.

सभागृह बघून तो आधी दबला आणि मग आणखी चिडला. पत्रे नाहीत, गळती नाही, बूट कशालाच चिकटत नाहीत. सॉसेजची शेगडी काचेआड होती आणि विकणाऱ्या मुलीनं त्याला हसून नाही म्हटलं. शेवटी त्यानं पुरुषांच्या प्रसाधनगृहात हात वाळवायच्या यंत्राखाली ताशा धरला. हात ओले घेऊन रांगेत उभे राहिलेले लोक त्याच्याकडे बघत राहिले. कातडं तापलं, बोटानं टिचकी मारली तर टणक वाजलं. तो खूश झाला.

ब्लॉकमध्ये दत्तानं त्याला मिठी मारली आणि सरळ कर्णा हातात घेतला. तो जर्मनमध्ये म्हणाला, “लोकहो, चार वर्षं तुम्ही मला विचारता, हे कुठून आणलंस. या माणसाकडून. हा आल्टेनब्रुखचा यश. जे आहे ते सगळं याचं आहे. आज तो वाजवेल.”

लोकांनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी त्याच्या पाठीवर थाप मारली. जे हिसकावून घ्यायला यशपाल एवढ्या लांब आला होता, ते दत्तानं आपणहून त्याच्या हातात दिलं. त्यानं यशपालचं समाधान व्हायला हवं होतं. ते झालं नाही. उलट, याला एवढं मोठं मन कुठून मिळालं, याचाच त्याला हेवा वाटला. त्यानं काड्या उचलल्या.

आठ ठोके खणखणीत पडले. त्यानं हात अडवला. आणि तेवढ्यात सगळा ब्लॉक ओरडला, ‘फाल-कन’. नववा ठोका त्या आरोळीच्या पोटात कुठेतरी पडला. त्याचा त्यालाच ऐकू आला नाही.

त्यानं पुन्हा फेरी धरली. या वेळी नववा कडेवर न देता मधोमध, जोरात दिला. तो ऐकू गेला, पण आरोळीच्या मध्येच. अर्धे लोक ‘फाल’वर अडकले, अर्धे पुढे गेले. तिसऱ्या फेरीला पलीकडच्या ब्लॉकनं टाळ्या वेगळ्याच धरल्या. चौथ्याला आरोळी पार विस्कटली आणि लोक खेळ सोडून मागे वळून बघायला लागले. यशपालला हवं होतं तसंच वळून बघत होते. ‘हा कोण चुकतोय’ असं त्यांच्या तोंडावर होतं.

पुढच्या पायरीवर निळ्या जर्सीतली एक साठीची बाई होती. ती त्याच्याकडे वळली, आपल्या तळहातावर बोटांनी आठ वेळा सावकाश मारून दाखवलं आणि थांबली. “नूर आख्ट,” ती म्हणाली. फक्त आठ.

दत्ता वाकून त्याच्या कानाशी आला. “दादा, तो शेवटचा ठोका… आहे का तो? मी तेव्हा विचारलं होतं तुम्हाला.”

त्याच्या आवाजात राग नव्हता. कदाचित थोडी आशा होती. यशपालनं फक्त हो म्हटलं असतं, तर दत्तानं तिथल्या तिथे कर्णा उचलून सगळ्या ब्लॉकला नववा ठोका शिकवला असता, हे यशपालला समजत होतं. पण हो म्हणायचं तर बाकीचंही म्हणावं लागलं असतं. तो शनिवार, ते खाली ठेवलेल्या काड्यांसमोरचं ‘एवढंच आहे’, आणि त्यानंतरची चार वर्षं.

“नाही रे,” तो म्हणाला. “सवय गेली. चुकून पडतो.”

दत्तानं त्याच्याकडे क्षणभर बघितलं, मग मान डोलावली आणि शेजारी उभा राहून टाळीनं आठ मोजून द्यायला लागला, शिकणाऱ्याला देतात तसं. यशपालनं वाजवलं. आठव्यानंतर हात आपोआप कडेकडे गेला. तो त्यानं वरच्या वर धरला. आरोळी एकसंध उठली आणि छतापर्यंत गेली. पुढच्या फेरीलाही हात गेला, त्यानं पुन्हा धरला. मामानं दिलेली गोष्ट त्या छताखाली फक्त त्याच्या मनगटात होती, आणि आत्ताच त्यानं तिला स्वतःच्या तोंडानं चूक म्हटलं होतं.

पुढच्या पायरीवरची बाई पुन्हा वळली. या वेळी ती प्रसन्न हसत होती, लहान पोराला पाढा जमल्यावर बाई हसतात तशी.

“गेनाऊ,” ती म्हणाली. अगदी बरोबर. “आत्ता जमलं.”

यशपालनं तिच्याकडे बघून मान डोलावली आणि पुढची फेरी सुरू केली.