दुभाष्याने गिळलेलं वाक्य

आमच्या घरात त्याचं नाव कुणी घेत नसे. 'दुभाष्या' म्हटलं की पुरे. भावाने एखादी गोष्ट अर्धवट सांगितली, तर आई फटकारायची, "दुभाष्यासारखं करू नकोस. नीट सांग." आईपेक्षा तो वयाने मोठा होता, लोक त्याला मान देत, पण मी त्याला आजही 'ते' म्हणत नाही. जीभ वळतच नाही.

तो आमच्याच गल्लीत राहायचा. लोहाराच्या दुकानावर त्याच्या दोन खोल्या होत्या. खाली दिवसभर घणाचे ठोके, आणि वर हा आरशासमोर उभा राहून इंग्रजी उच्चार घोटायचा. बायकोशी भांडताना आधी इंग्रजीत वाक्य जुळवतो आणि मग आपल्या भाषेत ओरडतो, तोवर ती भांडण जिंकून स्वयंपाकाला लागलेली असते, अशी गल्लीत थट्टा चालायची. गोऱ्यांच्या कोर्टात तो दुभाषी होता. आरोपी बोलला की हा जज्जाला इंग्रजीत सांगायचा, जज्ज बोलला की आरोपीला आपल्या भाषेत. काळा कोट, घट्ट बांधलेला गळपट्टा, काखेत वर्तमानपत्राचं वेष्टन घातलेला जाडा शब्दकोश. गल्लीतली माणसं त्याला वाट द्यायची. साहेबाच्या कानाशी लागलेला माणूस, न जाणो कधी उपयोगी पडेल.

माझे वडील नावाडी होते. मी पोटात असतानाची गोष्ट. नदीला पूर आलेला, आणि बंधाऱ्यावरच्या गोऱ्या इंजिनियरला पलीकडे जायचं होतं. वडील म्हणाले, आज नाव सोडता येणार नाही. इंजिनियरने छडी उगारली. त्याच्या पट्टेवाल्यासमोर आणि आणखी चार माणसांसमोर दोन तडाखे दिले. वडिलांनी नाव काढली. मधल्या धारेत इंजिनियर बंधारा बघायला उठून उभा राहिला आणि नाव कलंडली. वडिलांनी पाण्यात त्याची कॉलर धरली, गळ्याखाली हात घातला, आणि अर्धा कोस वाहत जाऊन त्याला काठाला आणलं. तोवर तो मेला होता. गळ्यावर बोटांचे वळ होते. संध्याकाळपर्यंत वडिलांच्या हातात बेड्या पडल्या.

खटल्याच्या आदल्या दिवशी आई दुभाष्याचा जिना चढून गेली. "भाऊजी, तुम्ही आहात तिथे, म्हणून मला घोर नाही," ती म्हणाली.

"वहिनी, त्याच्या तोंडचा शब्दन् शब्द पोचवीन," तो म्हणाला.

गोऱ्या जज्जाला आमची भाषा येते याचा मोठा तोरा होता. त्याने तिची परीक्षा दिलेली, पदक मिळवलेलं. बंगल्यावरच्या माळ्याला तो रोज "झाडांना पाणी पी" म्हणायचा, आणि माळी बिचारा मान डोलवायचा. हसायची कुणाची छाती होती? जो माणूस माळ्याला पाणी प्यायला लावत होता, तोच आमच्या लोकांच्या जिवाचा निवाडा करत होता, आणि हे सगळ्यांना रीतसर वाटत होतं.

कोर्टात वडिलांनी सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणाले, "मी शेवटपर्यंत साहेबाला सोडलं नाही."

दुभाष्याने बरोबर सांगितलं, की हा म्हणतो, मी शेवटपर्यंत त्यांना धरून ठेवलं. जज्जाने हात वर करून त्याला थांबवलं. 'सोडलं नाही' म्हणजे काय ते मला कळतं, तो म्हणाला. ह्या लोकांत एखाद्याला 'सोडणार नाही' म्हणतात, तेव्हा जीव घेण्याची धमकी असते. आरोपीने स्वतःच्या तोंडाने कबूल केलं आहे. छडीचा राग होता, गळ्यावर वळ आहेत, आणखी काय हवं?

दुभाषी म्हणाला, "हुजूर, या ठिकाणी तो अर्थ होत नाही."

"तुला विचारलं तेव्हाच बोल," जज्ज म्हणाला.

आणि तो खाली बसला. त्याने फक्त एवढंच केलं.

हे सगळं इंग्रजीत चाललेलं. वडील पिंजऱ्यात उभे होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर हसू होतं. आपण नीट सांगितलं, आपल्या गल्लीतला माणूस मध्ये आहे, आता सुटलो, असं त्यांना वाटत होतं. दहा वर्षं सक्तमजुरी झाल्याचं त्यांना कळलं ते शिपायाने दंड धरून ओढलं तेव्हा.

त्यांना दूरच्या तुरुंगात नेलं. तिसऱ्या वर्षी एक सरकारी कागद आला, इंग्रजीत. आईला वाटलं, सुटकेचा असेल. गल्लीत इंग्रजी वाचणारा एकच माणूस. मला कडेवर घेऊन ती त्याच्या दारात उभी राहिली. त्याने कागद वाचला, पुन्हा वाचला, आणि सांगितलं, की तापाने गेले, महिना होऊन गेला, अंत्यविधी तिथेच उरकला.

आई म्हणाली, "एवढं मात्र बरोबर सांगितलंत."

"वहिनी..."

"वहिनी म्हणू नका."

त्यानंतर ती लोकांची भांडी घासू लागली, आणि त्याच्या खिडकीखालून जाताना मान वर करायची नाही.

मग गोरे गेले. आमच्या गल्लीतही लोक नाचले, आईने दार लावून घेतलं. भाऊ मोठा झाला आणि त्याने नाव चालवायच्या परवान्यासाठी अर्ज केला. नाकारला. छापील अर्जात गोऱ्यांच्या काळापासूनचा एक प्रश्न होता, की घरातल्या कुणाला सरकारी अंमलदाराविरुद्धच्या गुन्ह्यात शिक्षा झाली आहे काय? राजमुद्रा बदलली होती, प्रश्न तसाच. कचेरीतला कारकून म्हणाला, "खुन्याच्या पोराच्या नावेत लोक बसवू होय?"

आई कोर्टात गेली. तेव्हा मी चौदा वर्षांची होते, तिच्या शेजारी उभी. तीच इमारत, त्याच उंच खुर्च्या. जज्ज आपल्यातलाच, सावळा, कपाळावर घाम. पण तो बोलायला लागला आणि आई माझ्याकडे बघू लागली. सगळं इंग्रजीत! दोन्ही वकील इंग्रजीत, कारकून इंग्रजीत. दुभाष्याची जागा मात्र रद्द झालेली, कारण आता सगळे आपलेच, मध्ये माणूस कशाला हवा?

आई म्हणाली, "साहेब, मला कळेल असं बोला."

जज्ज आपल्या भाषेत दोनच शब्द बोलला. "शांत राहा."

तेव्हा मागच्या बाकावरून तो उठला. नोकरी गेल्यावरही सवयीने रोज कोर्टात येऊन बसायचा. काळा कोट विटलेला. तो मोठ्याने म्हणाला, "साहेब म्हणतात, जुना निकाल आजही लागू आहे. त्यात हे कोर्ट हात घालणार नाही."

जज्जाने विचारलं, हा कोण? खाली बसायला सांगा.

तो बसला नाही. आधी इंग्रजीत आणि मग आपल्या भाषेत त्याने त्या दिवशीचं सगळं सांगितलं. वडील काय बोलले, गोरा काय समजला, आपण कसे गप्प झालो. "मला नोकरी प्यारी होती," तो म्हणाला. आमच्या घराने तोवर हे ऐकलंच नव्हतं. दुभाष्याने वाईट केलं, एवढंच आईला ठाऊक होतं. काय केलं ते तिला त्या क्षणी कळलं, भर कोर्टात, माझा हात धरलेला असताना. तिने तो इतका दाबला की माझ्या बांगड्या रुतल्या.

शिपायांनी त्याला दोन्ही बाजूंनी धरलं. कोर्टाची बेअदबी केली म्हणून कामकाज संपेपर्यंत त्याला कोठडीत बसवून ठेवलं. आम्ही पायऱ्यांवर होतो, तेव्हा तो बाहेर आला. आई त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"एक शब्द होता. त्याच वेळी का नाही ओरडलात?"

"भ्यालो."

"आणि आमच्या ह्यांचं काय झालं?"

आमच्या वकिलाने त्याच्याकडून प्रतिज्ञापत्र लिहून घेतलं. इंग्रजीत, अर्थातच. दोन वर्षांनी भावाला परवाना मिळाला, 'दयेपोटी' अशा इंग्रजी शेऱ्यासह. त्या शब्दाचा अर्थ मीच आईला सांगितला, कारण तोवर मी इंग्रजी शिकले होते. ती म्हणाली, "दया? माझ्या नवऱ्याने त्यांच्या माणसासाठी जीव धोक्यात घातला, आणि दया हे माझ्यावर करणार?" निकाल आहे तिथेच राहिला. कागदोपत्री माझे वडील आजही एका माणसाचा जीव घेणारे आहेत.

पुढे एकदा दुभाष्या नदीकाठी आला. पलीकडे लेकीकडे जायचं होतं. भाऊ म्हणाला, "ह्याला मी नावेत घेणार नाही." आईने ऐकलं आणि ती म्हणाली, "घे. उतारूच आहे. पण बोलायचं नाही." नाव भरलेली होती, तरी त्याच्या दोन्ही बाजूंना जागा रिकामी राहिली. पलीकडे पोचेपर्यंत कुणी चकार शब्द काढला नाही. उतरताना त्याने भावाला हात जोडले. भावाने दोर गुंडाळत मान फिरवली. त्याच वर्षी तो गेला. आईने कधीच माफ केलं नाही, आणि तिने करायला हवं होतं असं मला वाटत नाही. तो भित्रा होता. पण त्याला भित्रा करून पोसणारे, पदक मिरवणारे, कुणालाही जाब न देता पेन्शन घेऊन आपल्या देशी निघून गेले. त्यांच्या खुर्च्या आपण पुसून ठेवल्या आणि त्याच खुर्च्यांवर बसलो.

मी वकील झाले. वडिलांच्या निकालाची दुरुस्ती व्हावी म्हणून चार अर्ज केले. चारही वेळा इंग्रजीत उत्तर आलं, की पूर्वीच्या राजवटीचे निकाल नव्या कायद्यानेही ग्राह्य आहेत. पाचवा अर्ज मी आपल्या भाषेत लिहिला. खिडकीतल्या कारकुनाने तो परत सरकवला.

"बाई, सोबत इंग्रजी भाषांतर जोडा."

"तुम्हाला वाचता येत नाही का?"

"येतं की. पण तसा नियम आहे."

मी अर्ज पुन्हा त्याच्याकडे सरकवला आणि पोच मागितली. त्याने चिडून शिक्का मारला. अर्ज अजून त्यांच्या टेबलावर पडून आहे. भाषांतर मी जोडलेलं नाही, आणि जोडणारही नाही.