वैमानिक भाचीचं एमबीए

माझी भाची विमान कंपनीत सहवैमानिक आहे. कानाच्या दुखण्यामुळे मेडिकलमध्ये तिला तात्पुरतं अनफिट ठरवलं, तेव्हा ती आमच्याकडे रायपूरजवळच्या स्मृती नगरला राहायला आली. पुढच्या तपासणीत कान पास झाला तर पुन्हा कॉकपिट. नाही झाला तर काय, हे तिला माहीत नव्हतं, म्हणून ती लॅपटॉपवर एमबीएचे कोर्स शोधत बसे.

विमान उडवणारीला ताळेबंद कशाला हवा, याचं मला कुतूहल वाटलं. मी खुर्ची ओढून शेजारी बसले.

"उडता नाही आलं त ऑफिसात तरी बसता यावं नं, मावशी."

एका फॉर्मात विचारलं होतं, तुमच्या हाताखाली किती माणसं? ती हसत सुटली. "बाजूला कॅप्टन, मांगं पॅसेंजर. माह्यं कोन ऐकते?"

रायपूरला शनिवार-रविवारचे वर्ग होते. माझ्या यजमानांनी स्टील प्लांटमध्ये जन्मभर शिफ्ट ड्यूटी केली. ते पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "रविवार? तो मले त प्लांटमध्ये कधी भेटला नाई. इले विमानात भेटन का?"

भाचीचं रोस्टरही तसंच. तो कोर्स बाद झाला.

तिचा कल एका वर्षाच्या पूर्णवेळ कोर्सकडे होता. त्यासाठी नोकरी सोडावी लागणार होती. शिवाय वर्षभर न उडलेल्या वैमानिकाला परतताना सिम्युलेटरवर नव्याने सिद्ध व्हावं लागतं, हे तिनेच सांगितलं. मग हाच कोर्स का, ते मला कळेना.

"अन् कान पास झाला त?" मी विचारलं.

"त उडन. दुसरं काय करन?"

"मग नोकरी सोडाची घाई कावून करून राहिली?"

"त्यायनं काढल्यापेक्षा आपनच सोडलेली बरी, असं वाटते."

मी उठून चहा टाकला. परत आले तेव्हा स्क्रीनवर ऑनलाइन कोर्स होता. त्यात वर्गांचं रेकॉर्डिंग मिळणार होतं आणि हुकलेली परीक्षा पुढच्या सत्रात देता येणार होती. तपासणीची वाट न पाहता तिने प्रवेश घेतला.

कान पास झाला. तिचा फोन आला तेव्हा मी विचारलं, "आता वर्ग सोडते का?"

"कावून सोडू? पुढच्या साली परत मेडिकल हायेच नं."