आर्डिसचे पाय

आर्डिस हाउग्रूड पहिल्यांदा माझ्या लक्षात आली ती तिच्या पायांमुळे. मिनेसोटातल्या या गावात मी शिक्षिका म्हणून नवीनच आले होते. चर्चमध्ये ऑर्गनच्या बाजूला बसले, तर एक बाई पावाच्या रिकाम्या पिशवीतून पातळ तळाचे काळे बूट काढून पायांत चढवत होती. मग ते पाय ऑर्गनच्या खालच्या, पायांनी वाजवायच्या लाकडी पट्ट्यांवर असे धावू लागले, की वरची शांत बाई आणि खालचे पाय एकाच माणसाचे वाटेनात.

मैत्री झाल्यावर कळलं, ते पाय कधीच थांबत नाहीत. कॉफी पितानाही नाही, माझ्या गाडीतही नाही.

"ब्रेक मारतेस की काय?"

"नाही गं, तिसरं कडवं."

तिच्या मांडीतली कर्करोगाची गाठ गेल्या वर्षी उपचारांनी विरली होती. या मार्चमध्ये तिथेच पुन्हा काहीतरी हाताला लागलं. डॉक्टरांनी पेट स्कॅन सांगितला. त्यात शिरेतून थोडी किरणोत्सारी साखर देतात. शरीराचा जो भाग साखर जास्त ओढतो, तो चित्रात उजळतो. अशा गाठी साखरेला फार हावरट. राबणारे स्नायूही तसेच. म्हणून साखर दिल्यावर तासभर निपचित पडायचं.

आर्डिस उपाशी गेली, पण तिथल्या लोकांसाठी खजुराच्या वड्या घेऊन. रिकाम्या हाताने कुठे जाणं तिला माहीत नाही.

चित्र आलं आणि तंत्रज्ञ डेरेक बघतच राहिला. यंत्र नवं होतं, एकेक स्नायू सुटा दिसत होता. कमरेखाली सगळा लखलखाट. त्यात गाठ आहे की नाही, काही कळेना.

"बाई, सकाळी धावत आलात का?"

"या वयात? बर्फात?"

"मग तासभर काय केलंत?"

"काही नाही. पडले होते."

"नुसत्या?"

"बोलू नका म्हणालात, वाचू नका म्हणालात, च्युइंग गमसुद्धा नको म्हणालात." ती म्हणाली. "ईस्टरच्या गाण्यांचा सराव नको, असं कोणी म्हणालं नाही."

स्कॅन पुन्हा करायचा ठरलं. पुढच्या आठवड्यात मी तिला घेऊन निघाले, तर गाडीत तिचे पाय गप्प होते. तेव्हा मला खरी भीती वाटली.

"तिथे गेल्यावर पुन्हा हलले तर?" ती म्हणाली.

"पास्टर लुंडे यांचं चर्चच्या अंदाजपत्रकावरचं प्रवचन आठव. त्यात तुझे पाय हललेले मी कधी पाहिले नाहीत."

"त्यात मी झोपलेली असते."

"तेच म्हणतेय मी."

दुसऱ्या चित्रात पाय अंधारे होते. मांडीसुद्धा. हाताला लागला होता तो जुन्या गाठीचा वण. आर्डिसने पास्टरांना एवढंच सांगितलं, की तुमच्या प्रवचनाचा फार उपयोग झाला. पास्टर अजून ही गोष्ट इतरांना सांगत असतात.

ईस्टरला ऑर्गन तिनेच वाजवला. अजूनही दर रविवारी तीच वाजवते.