खुंटीमामांवरचा आळ

तंबूच्या सगळ्या खुंट्या मोजून पिशवीत पडल्याशिवाय मामा कोणाला परतीचा चहा पिऊ देत नसत. ईस्टरच्या सुट्टीचा शेवटचा दिवस, सोमवार असायचा. मुलं गाडीत बसून कंटाळलेली, बायकांनी डबे बांधलेले, पुरुषांना हायवेवरच्या रांगेची धास्ती, आणि हे साठीला टेकलेले इंजिनियर गुडघ्यांवर रांगत हाताने गवत विंचरत असायचे. "चौथ्या तंबूची एक कमी आहे," ते जाहीर करायचे. "मामा, नवीन घेऊ की!" कोणीतरी ओरडायचं. "घ्या ना, मी कुठे नको म्हणतोय? पण ही इथे राहिली तर पुढच्या शुक्रवारी कोणाच्या तरी पोराच्या पायात जाईल. ते पोर आपल्या ओळखीचं नाही म्हणून काय झालं?" मग सगळेच गवतात उतरायचे. खुंटीमामा हे नाव त्यांना माझ्या पत्नीने, शैलाने दिलं, आणि ते असं चिकटलं की त्यांचं खरं नाव फक्त पासपोर्टवर उरलं.

मामा मूळचे सांगलीचे. हॅमिल्टनच्या एका दूध पावडरच्या कारखान्यात त्यांनी आयुष्य काढलं. मी ऑकलंडला अवोन्डेलमध्ये डॉक्टर होतो. आम्ही दहा-बारा मराठी कुटुंबं दर ईस्टरला उत्तरेला, नॉर्थलँडमधल्या एका तळ्याकाठी तंबू टाकून चार दिवस राहत असू. बुकिंग, तंबूंच्या जागा, गॅसच्या शेगड्या, कोणी पोहे आणायचे आणि कोणी कांदे, हे सगळं मामा बघत. अठरा वर्षं त्यांनी ते बघितलं. नंतर ते बंद झालं. का बंद झालं याची जी गोष्ट आपल्या लोकांत सांगितली जाते ती खोटी आहे. ती खोटी आहे हे मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. मामा गेल्या जूनमध्ये गेले. मी एकोणऐंशीचा आहे. आता तरी लिहायला हवं.

ते तळं ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. तिन्ही बाजूंनी पाइनचं दाट जंगल, काठाला पिठासारखी पांढरी वाळू, आणि पाणी इतकं नितळ की छातीएवढ्या पाण्यात उभं राहिलं तरी पायाची नखं दिसावीत. त्याला नदी येऊन मिळत नाही आणि त्यातून निघतही नाही. पडेल तो पाऊस, तेवढंच पाणी. नवीन कुटुंब आलं की मामा त्यांना आधी काठावर नेत आणि सांगत, "इथे भांडं विसळायचं नाही, साबण लावायचा नाही. इथे सांडलेलं कुठेही वाहून जात नाही. तुमच्या नातवाला पोहताना तेच भेटेल."

तळं तिथल्या माओरी लोकांचं. कॅम्पग्राउंडची देखभाल एक माओरी बाई करत. त्यांना सगळे आंटी म्हणत, आपणही म्हणत असू. पोचल्यावर तंबूला हात लावण्याआधी मामा आंटींच्या दारात जाऊन "किया ओरा" म्हणून नमस्कार करत, आणि सोबत मामींनी केलेले बेसनाचे लाडू देत. आंटींकडून ते एकेक गोष्ट शिकून आले होते. जेवणाच्या टेबलावर बसायचं नाही. उशीवर बसायचं नाही. भांडी पुसायची फडकी आणि अंगावरचे कपडे एका बादलीत धुवायचे नाहीत. आपली तरुण मंडळी हसायची. मामा म्हणायचे, "हसू नका. माझ्या आईचं सोवळं आणि आंटींचं सोवळं एकच आहे. फरक एवढाच की आपण ते सोडलं, त्यांनी सोडलं नाही."

दुसऱ्याची भीती त्यांना लगेच कळायची, आणि ती काढायची त्यांची पद्धत चेष्टेची होती. नाशिकला वाढलेली शैला एकसष्टाव्या वर्षापर्यंत पाण्यात उतरली नव्हती. पोहायचे टॉग्ज घालून लोकांसमोर यायचं या कल्पनेनेच तिला घाम फुटायचा. मामा तिला म्हणाले, "वहिनी, पाणी कंबरेएवढं आहे आणि बघायला फक्त बदकं आहेत. ती नाशिकला कळवणार नाहीत." शैला हसली आणि उतरली. तीन वर्षांत ती अशी पोहायला लागली की मामा मला काठावरून ओरडून सांगत, "डॉक्टर, तुमच्या बायकोला जेवायला बोलवायचं तर आता होडी लागेल!" त्या चार दिवसांबद्दल ती वर्षभर बोलायची.

अकरा वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात शैला गेली. मुलगा अस्थी घेऊन नाशिकला जाऊन आला. थोड्या मी ठेवून घेतल्या होत्या, स्टीलच्या एका लहान डब्यात, कोणाला न सांगता. पुढच्या ईस्टरला तो डबा कपड्यांच्या बॅगेत तळाशी घालून मी तळ्यावर गेलो. गुड फ्रायडेच्या संध्याकाळी मामा गॅसची नळी तपासत होते. मी त्यांना बाजूला घेतलं आणि सांगितलं.

त्यांनी तळ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "डॉक्टर, वहिनींची जागा हीच, हे मला पटतं. पण हे आंटींच्या लोकांचं जेवणाचं पाणी आहे. यातले मासे खातात ते. मेलेल्या माणसाचं काही यात सोडणं म्हणजे त्यांच्या ताटात सोडणं. तळ्यात नाही."

"मग कुठे?"

"बघू. उद्या सकाळी चहाला बोलू."

आपल्यात 'बघू, उद्या बोलू' याचा अर्थ काय असतो हे कोणाला सांगायला नको. मीही पेशंटच्या नातेवाइकांना आयुष्यभर तेच म्हणत आलो होतो. मामांनी मला सभ्यपणे नाही म्हटलं, असं मी धरून चाललो. मला रागही आला. माझी बायको, माझा डबा, आणि परवानगी याची का?

शनिवारी उजाडताना, सगळे झोपलेले असताना, मी पाण्यात गेलो. कंबरेपर्यंत गेलो. तीळ, तांदूळ, झेंडूची फुलं आणि अस्थी सोडल्या. डबा ज्या लाल फडक्यात बांधला होता तेही सोडलं. घरी शिकलो होतो तसंच सगळं केलं, आणि केल्यावर शांत वाटलं, हे कबूल करतो. फक्त एक विसरलो. ते वाहतं पाणी नव्हतं. तासाभरात वाऱ्याने फडकं, फुलं आणि हाडाचे दोन-तीन पांढरे तुकडे काठाच्या वाळूवर आणून ठेवले.

ते आंटींना सापडलं. त्या फडकं हातात न घेता, काठीच्या टोकावर धरून आमच्या तंबूंपाशी आल्या. आम्ही चहा घेत होतो. त्या ओरडल्या नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, "हे कोणी केलं?"

मामांनी फडक्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी कपात पाहिलं. माझा मुलगा आणि सून शेजारी बसले होते, समोर माझे पेशंट असलेली चार कुटुंबं होती. मला बोलायचं होतं, असं मी पुढे कित्येक वर्षं स्वतःला सांगत आलो. खरं सांगायचं तर मी कोणीतरी काहीतरी बोलावं याची वाट बघत होतो.

"मी केलं, आंटी," मामा म्हणाले. "माझी चूक आहे."

आंटी त्यांच्याकडे पाहत राहिल्या. मग मान हलवून गेल्या. दुपारी त्यांची वडीलधारी माणसं आली, पाण्याकाठी प्रार्थना झाली, आणि तळ्यावर राहुई लागली. राहुई म्हणजे ठरलेले दिवस संपेपर्यंत त्या पाण्यात कोणी पोहायचं नाही, मासे धरायचे नाहीत. आम्ही त्याच दिवशी तंबू उतरवले. त्या वर्षी मामांच्या आई सांगलीला वारल्या होत्या आणि ते एकटेच जाऊन आले होते. शैलाच्या अस्थी नाशिकला गेल्याचं सगळ्यांना ठाऊक होतं, त्यामुळे या अस्थी कोणाच्या हे कोणी विचारलंच नाही. मामांच्या आईच्याच, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं.

परतताना पेट्रोल पंपावर मामा माझ्या गाडीशी आले. मुलगा आणि सून आत गेले होते. "डॉक्टर, थोडं थांबायचं होतं," एवढंच ते म्हणाले. मग खिडकीवर हात ठेवून, "मी फक्त तुम्हाला वेळ मिळवून दिलाय. आंटींना तुम्हीच सांगायचं. तुमच्या तोंडून."

मी हो म्हटलं.

त्यानंतर आमच्या लोकांनी मामांचं जे केलं ते मी पाहिलं आहे. आता इतक्या मराठी लोकांना एकत्र घेऊन त्या तळ्यावर कोणत्या तोंडाने जायचं, म्हणून कॅम्प बंद झाला, आणि कॅम्प बंद झाल्याचा राग मामांवर निघाला. "आम्हाला साबण लावू देत नव्हते, आणि स्वतः बघा!" हे वाक्य मी निदान पाच घरांत ऐकलं. मंडळाच्या कमिटीतून त्यांना कोणी काढलं नाही, फक्त बैठकीचा निरोप जाईनासा झाला. पिकनिकला कोणी खाली वाकलं की तरुण मुलं म्हणायची, "काय शोधतोस, अस्थी?" मी त्या हसण्यात सामील झालो नाही. त्या वेळी मला तेवढंच पुरेसं वाटायचं.

मामा मला भेटत तेव्हा पूर्वीसारखेच भेटत. रक्तदाबाची गोळी घेतली का विचारत. आंटींचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. ते विसरले म्हणून नव्हे, तर मी विसरलो नाही हे त्यांना दिसत होतं म्हणून. आज जातो, पुढच्या महिन्यात जातो, करता करता नऊ वर्षं गेली.

जूनमध्ये हॅमिल्टनला त्यांची शोकसभा झाली. एका गृहस्थांनी भाषणात मोठ्या मनाने सांगितलं, "माणूस होता. एकदा चुकला. आपण ते विसरू या." सभागृहात माना डोलल्या. मी दुसऱ्या रांगेत होतो. उठून चार वाक्यं बोलायची होती. माझे गुडघे दुखतात हे खरं आहे, पण मी उठलो नाही ते गुडघ्यांमुळे नव्हे.

या वर्षी मार्चमध्ये मी एकटा बसने आणि पुढे टॅक्सीने तळ्यावर गेलो. आंटी आता देखभालीचं काम करत नाहीत, पण राहतात तिथेच. त्यांनी मला ओळखलं. मी पाठ करून आणलेलं बोलायला लागलो, तर त्यांनी हात वर केला.

"तो शुक्रवारी माझ्याकडे आला होता," त्या म्हणाल्या. "मित्राच्या बायकोसाठी विचारायला. तिचं नाव सांगितलं, ती कशी पोहायची ते सांगितलं. मी म्हटलं, पाण्यात नको, जमिनीत दे. माझ्या भावांना विचारलं. त्या टेकाडावर, जिथून तळं दिसतं, तिथे जागा ठरवली. शनिवारी सकाळी चहा झाला की तुला घेऊन येतो, म्हणाला होता."

मामांचं 'उद्या सकाळी बोलू' म्हणजे खरोखर उद्या सकाळी बोलू, एवढंच होतं.

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं," मी म्हटलं.

"त्याने 'मी केलं' म्हटलं तेव्हाच. मी त्याला सगळ्यांसमोर खोटारडा म्हणू शकले असते. पण तो डोळ्यांनी मला काहीतरी मागत होता. मी दिलं."

मी क्षमा मागितली. त्या म्हणाल्या, "राहुई उठली तेव्हा पाण्याचं मिटलं. तू माझ्याकडे कशाला आलास? मी त्याला दोष दिलाच नव्हता. ज्यांनी दिला त्यांच्याकडे जा."

म्हणून हे त्यांच्यासाठी, म्हणजे तुमच्यासाठी लिहितो आहे. त्या अस्थी माझ्या पत्नीच्या, शैलाच्या होत्या. त्या तळ्यात मी सोडल्या. मामांनी मला स्पष्ट सांगितलं होतं की तळ्यात नाही. मी ऐकलं नाही, आणि नंतर बोललो नाही.

इथवर लिहिलेलं घेऊन मी गेल्या रविवारी हॅमिल्टनला मामींकडे गेलो आणि त्यांना वाचून दाखवलं. संपल्यावर त्या चष्मा काढून पदराने पुसत राहिल्या.

"मी त्यांना विचारलं होतं, डॉक्टर," त्या म्हणाल्या. "सासूबाईंच्या अस्थी आणल्यात, आणि मला सांगितलंसुद्धा नाहीत? तर म्हणाले, राहू दे ना आता. एवढंच. दर ईस्टरला चार दिवस मी त्यांच्याशी अबोला धरायचे. नऊ ईस्टर. ते आपले चहा करून आणून ठेवायचे."

मामांनी त्यांनाही खरं सांगितलं नव्हतं. हे माझ्या मनात कधी आलंच नव्हतं. मामींनी विचारलं, "छापताना नाव घालणार ना तुमचं?"

"हो."

"घाला. पण माझ्या मुलीला याचा काय उपयोग? तिला मराठी कळतं, वाचता येत नाही. आणि शाळेपासूनच्या मैत्रिणींकडून बापाची तीच गोष्ट ऐकत आली आहे ती."

मुलगी लांब, जॉन्सनव्हिलला असते. मामींनी तिथल्या तिथे तिला फोन लावला आणि रिंग वाजत असतानाच तो माझ्या हातात दिला.

"हाय आई, ऑल गुड?" पलीकडून आवाज आला.

"आई नाही, बेटा," मी म्हटलं. "डॉक्टरकाका बोलतोय. तुझ्या बाबांबद्दल सांगायचंय. वेळ आहे ना तुला?"